आवळा, कोहळा आणि दोन वर्षांचा करार





दरवर्षी पावसाळा ओसरू लागला की आपल्या शाळेच्या व्हरांड्यात एक चर्चा हमखास रंगते. अमेरिकेत नवा फोन येणार असतो. तो यायच्या दोन-तीन महिने आधीच त्याचा रंग, त्याचा कॅमेरा आणि मुख्य म्हणजे त्याची किंमत आमच्या नववी-दहावीच्या मुलांना पाठ असते. सतराचा पाढा विचारला तर छताकडे पाहणारी मुले, जो फोन अजून कोणी पाहिलेलासुद्धा नाही त्याची किंमत धडाधड सांगतात. मी त्यांच्यावर रागावत नाही. मी गणिताची शिक्षिका आहे, आणि मुलांना कुठल्याही आकड्याविषयी उत्सुकता वाटली की मला बरेच वाटते. माझी तक्रार एवढीच की मुलांना त्या फोनचा एकच आकडा ठाऊक असतो. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरात लिहिलेला तो आकडा. त्याच्या खाली बारीक अक्षरात जे आकडे असतात, ते कोणी वाचत नाही. ह्या अंकात त्या बारीक अक्षरांविषयीच थोडे बोलावे असे योजले आहे, कारण हा विषय आता फोनपुरता राहिलेला नाही. तो आपल्या शाळेच्या दारापर्यंत आला आहे.

आधी एका शब्दाविषयी. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी आणि कॉलेजात हिंदी, अशी आपल्या इंदूरच्या बहुतेक मराठी घरांची जी रीत, तीच माझीही. व्याज शिकले ते 'ब्याज' म्हणून, हप्ता शिकले तो 'किस्त' म्हणून. आणि ज्याला मराठीत आपण 'करार' म्हणतो, त्याला माझ्या हिंदी पुस्तकात 'अनुबंध' असे नाव होते. मराठीत मात्र अनुबंध म्हणजे मनाचे नाते, जिव्हाळा. आणि त्याला 'ऋण' जोडले की ऋणानुबंध, म्हणजे पूर्वजन्मीचे देणेघेणे! मला नेहमी वाटते, फोन कंपन्यांच्या करारासाठी ह्याहून नेमका शब्द सापडायचा नाही. आधी ऋण, मग अनुबंध. फोन हातात आधी येतो आणि देणे पुढे दोन वर्षे चालते.

आता प्रत्यक्ष उदाहरण. मी वर्गात हेच उदाहरण घेते, कारण त्यातले आकडे स्वच्छ आहेत आणि त्यांचा हिशेब नववीच्या मुलाला कागद-पेन्सिलीने करता येतो.

गोष्ट अमेरिकेतली, २००५ ते २००८ ह्या वर्षांतली. ॲपल ही कंपनी फोन काढणार, ही अफवा तेव्हा कितीतरी दिवस चालू होती. सप्टेंबर २००५ मध्ये मोटोरोला कंपनीचा 'रॉकर' नावाचा एक फोन आला, त्यात ॲपलचा गाण्यांचा प्रोग्राम होता. लोकांना वाटले, हाच तो. किंमत सुमारे २५० डॉलर, तीही सिंग्युलर ह्या मोबाइल सेवा कंपनीशी दोन वर्षांचा करार केला तर. आणि गाणी मावणार फक्त १००. लोकांची निराशा झाली आणि अफवा पुन्हा सुरू झाल्या.

शेवटी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी आयफोन जाहीर केला. किंमत ४ जीबीच्या फोनला ४९९ डॉलर आणि ८ जीबीला ५९९ डॉलर. पण इथेही तीच मेख. फोन फक्त सिंग्युलरवर चालणार (हीच कंपनी पुढे एटी अँड टी ह्या नावाने ओळखली जाऊ लागली) आणि दोन वर्षांचा करार करावा लागणार. विक्री सुरू झाली २९ जून २००७ रोजी. त्याच्या दोन-तीन दिवस आधी महिन्याचे दर जाहीर झाले. सर्वांत स्वस्त योजना ५९.९९ डॉलरची, त्यावर सुरुवातीला एकदा भरायचे ३६ डॉलर. मधेच करार मोडला तर १७५ डॉलर दंड.

मुलांनो, आता वही काढा. ५९.९९ गुणिले २४ महिने म्हणजे १,४३९.७६ डॉलर. त्यात फोनचे ५९९ आणि सुरुवातीचे ३६ मिळवा. झाले २,०७४.७६. म्हणजे ज्याला सगळे जग '५९९ चा फोन' म्हणत होते, तो हिशेबाने दोन हजारांच्या पुढचा होता. बोलणे किंवा संदेश पाठवणे ह्यांची किंमत त्यात आहे, हे मान्य. पण खिशातून जायचे ते एवढेच पैसे, आणि सही करायची ती एवढ्याच रकमेवर.

पुढे एक गंमत झाली. विक्री सुरू होऊन दहा आठवडेसुद्धा झाले नव्हते, तोच ५ सप्टेंबर २००७ रोजी कंपनीने ८ जीबीच्या फोनची किंमत ५९९ वरून एकदम ३९९ केली. रांगेत उभे राहून ज्यांनी पहिल्या दिवशी फोन घेतला होता ते साहजिकच चिडले. दुसऱ्याच दिवशी जॉब्ज ह्यांना जाहीर पत्र लिहून त्यांना १०० डॉलरची खरेदी-सवलत द्यावी लागली. आपल्या हिंदीत म्हण आहे, 'महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार'. इथे महागवालाच आधी रडला!

आता खरी गोष्ट. २००८ च्या वसंतात पुन्हा अफवा उठली, की नवा, अधिक वेगवान आयफोन येणार, आणि तोही फक्त १९९ डॉलरला. एप्रिल महिन्यात फॉर्च्युन ह्या नावाजलेल्या नियतकालिकाने बातमी दिली की एटी अँड टी प्रत्येक फोनमागे २०० डॉलर स्वतः सोसणार आहे. जूनमध्ये ॲपलने अधिकृत घोषणा केली आणि अफवेतला आकडा खरा ठरला. ११ जुलै २००८ पासून ८ जीबीचा आयफोन ३जी दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळू लागला. वर्षभरापूर्वीचा ५९९ चा फोन आता १९९ ला! जगभर हाच आकडा गाजला.

पण बारीक अक्षरात काय होते? पूर्वी इंटरनेटचे महिन्याला २० डॉलर पडत, ते आता ३० झाले. पूर्वी २०० लघुसंदेश त्यातच मिळत, आता त्यांचे वेगळे ५ डॉलर. म्हणजे सर्वांत कमी मासिक खर्च ५९.९९ वरून ७४.९९ वर गेला.

हा हिशेब मी वर्गात फळ्यावर दोन रकाने करून मुलांकडून करवून घेते. सुरुवातीचे शुल्क नव्या ग्राहकाला दोन्ही वेळी सारखेच होते, म्हणून ते सोडून देऊ.

जुना फोन, किंमत उतरल्यानंतर: ३९९ अधिक (५९.९९ गुणिले २४), म्हणजे १,८३८.७६ डॉलर.

नवा 'स्वस्त' फोन: १९९ अधिक (७४.९९ गुणिले २४), म्हणजे १,९९८.७६ डॉलर.

फोन २०० डॉलरने स्वस्त झाला आणि एकूण खर्च १६० डॉलरने वाढला! ह्यालाच आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. फळ्यावर उत्तर आले तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी चक्रावून म्हणाली, "मॅडम, दाम तर कमी झाला ना, मग पैसे ज्यादा कसे गेले?" मला वाटते, वर्षभराच्या गणिताच्या तासांत इतका चांगला प्रश्न क्वचितच विचारला जातो.

न्यायाने बोलायचे तर नवा फोन जुन्यापेक्षा चांगला होता, त्यावर इंटरनेट जलद चालत होते, आणि ज्याच्यापाशी एकदम ४०० डॉलर नव्हते त्यालाही तो घेता आला. त्यात फसवणूक कोणी केली असे मी म्हणत नाही. सगळे आकडे जाहीर होते. फक्त एक आकडा मोठ्या अक्षरात होता आणि बाकीचे लहान. बेरीज करण्याचे काम ग्राहकावर सोडलेले होते, आणि बेरीज करायचा आपल्या सर्वांनाच कंटाळा असतो.

ह्या व्यवहाराची रीत समजून घेण्यासारखी आहे. सेवा कंपनी फोन बनवणाऱ्याला पूर्ण किंमत देते, ग्राहकाकडून सुरुवातीला थोडीच घेते, आणि उरलेली रक्कम दर महिन्याच्या बिलात मिसळून वसूल करते. ग्राहक मधेच पळून जाऊ नये म्हणून दोन कुलपे असतात. एक कागदावरचे, म्हणजे करार मोडल्यास दंड. आणि दुसरे फोनमधलेच, म्हणजे त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालूच शकत नाही. त्या दुसऱ्या कुलपाची किल्ली शोधली ती १७ वर्षांच्या एका मुलाने. न्यू जर्सीच्या जॉर्ज हॉट्झ ह्याने ऑगस्ट २००७ मध्ये आपल्या घरी बसून आयफोनचे ते कुलूप उघडून दाखवले. हे वाचून कोणी घरचा फोन खोलायला बसू नये, ही विनंती!

आणि ह्या कुलपाची किंमत केवढी? त्याचेही उत्तर एकदा मिळाले, आणि तेही कोर्टामुळे. जर्मनीत नोव्हेंबर २००७ मध्ये आयफोन आला तो टी-मोबाइल कंपनीच्या २४ महिन्यांच्या करारावर, ३९९ युरोला. व्होडाफोनने त्याविरुद्ध हॅम्बुर्गच्या न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मग टी-मोबाइलने बिनकराराचा, बिनकुलपाचा फोन विकायला काढला. किंमत ९९९ युरो! डिसेंबरच्या सुरुवातीला तो हुकूम उठला आणि ती विक्री थांबली. पण त्या दोन आठवड्यांत जगाला कळले की ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा भाव कंपनीच्या लेखी ६०० युरो आहे.

आता आपल्याकडे या. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन ३जी भारतात आला, एअरटेल आणि व्होडाफोन ह्यांच्यामार्फत. किंमत ८ जीबीला ३१,००० रुपये आणि १६ जीबीला ३६,१०० रुपये. अमेरिकेतले १९९ डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने साडेआठ हजारांच्या आसपास. लोक चिडले, की आम्हालाच का लुटता? इंदूरच्या मराठी घरांतून अमेरिकेत गेलेली मुले तेव्हाही पुष्कळ होती. 'येताना एक घेऊन ये' असे निरोप घरोघरून गेले. आमच्या नात्यातल्या एका मुलाने तिथे करारावर फोन घेतला होता. वर्षभरात नोकरी सुटली, तो परत आला. करार मोडल्याचा दंड तिथे भरून आला, आणि इथे जेल रोडच्या दुकानात गेल्यावर कळले की फोनला तिकडचे कुलूप असल्यामुळे इथले सिम त्यात चालणार नाही. आजीच्या हातात तो फोन दिला तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे, घड्याळ छान आहे." घड्याळच होते ते, त्या दिवसापुरते!

आपल्याकडची किंमत ३१,००० होती कारण ती जवळपास पूर्ण किंमत होती. भारतात बहुतेक ग्राहक आधी पैसे भरणारे, म्हणजे प्रीपेडवाले. आज ह्या कंपनीचे सिम, उद्या त्या कंपनीचे. दोन वर्षे बांधून ठेवणारा करार इथे वसूल करायचा कसा? तसा प्रयोगही होऊन गेला होता. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने 'मान्सून हंगामा' नावाने ५०१ रुपयांत फोन हातात देण्याची योजना काढली, बाकीचे पैसे पुढे महिन्याच्या महिन्याला. लोकांची झुंबड उडाली. पण अनेकांनी पुढची बिले भरलीच नाहीत आणि कंपनीला थकबाकीचा मोठा फटका बसला. म्हणजे बारीक अक्षरे न वाचण्याचा त्रास कधीकधी लिहिणाऱ्यालाही होतो.

तसेच 'आजीवन' ह्या शब्दाचे. डिसेंबर २००५ मध्ये ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' योजना आल्या. एकदा पैसे भरा, येणारे फोन जन्मभर चालू. घरोघरी आजी-आजोबांना ती सिमकार्डे घेऊन दिली गेली. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांचा भरणा सक्तीचा केला आणि ते 'आजीवन' तेरा वर्षांत संपले. आजोबा होते, योजना गेली.

अमेरिकेतही ही रीत कायम राहिली नाही. त्या करारांत एक खोच होती. २४ महिने पूर्ण होऊन फोनचे पैसे फिटले तरी महिन्याचे बिल कमी होत नसे. कारण फोनचा हप्ता किती आणि सेवेचा आकार किती, हे बिलात वेगळे दाखवलेलेच नव्हते. मार्च २०१३ मध्ये तिथल्या टी-मोबाइलने हे दोन वेगळे केले. आयफोन ५ साठी सुरुवातीला ९९.९९ डॉलर, मग महिन्याला २० डॉलर, २४ महिने. बेरीज ५७९.९९. फोनचे पैसे फिटले की हप्ता बंद. मग इतरांनाही तसेच करावे लागले. व्हेरायझनने ऑगस्ट २०१५ मध्ये आणि एटी अँड टीने जानेवारी २०१६ मध्ये जुन्या पद्धतीचे दोन वर्षांचे करार थांबवले. हे आपोआप घडले नाही. लोक बेरीज करू लागले, म्हणून घडले.

इथे मला आमच्या नववीतल्या एका मुलाचा प्रश्न सांगितला पाहिजे. त्याचे वडील लोडिंग रिक्षा चालवतात. सगळा हिशेब फळ्यावर मांडून झाल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "पण मॅडम, ज्याच्याकडे एकदम पैसे नाहीत त्यानं काय करायचं? किस्तीवर घ्यायचंच नाही का?" वर्ग शांत झाला. तो प्रश्न गणिताचा नव्हता, त्याच्या घरचा होता.

मी त्याला जे सांगितले तेच इथे सांगते. हप्त्याने घेणे ह्यात कमीपणा नाही. आपल्या आयांनी भिशी लावून मिक्सर घेतले, आपल्या वडिलांनी हप्त्यावर सायकली आणि स्कूटर घेतल्या. हप्ता हा गरिबाचा मित्रच आहे. पण मित्र कसा असावा? तोंडावर बोलणारा. हप्त्यानेही आपली एकूण रक्कम तोंडावर सांगितली पाहिजे. ती जो लपवतो, त्याच्याशी मैत्री जपून करावी.

हे सांगण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत माझ्या कार्यालयात शुल्काची मुदत मागायला येणाऱ्या पालकांकडून एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकते आहे. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा बंद होत्या, वर्ग फोनवर भरत होते, आणि घरात दोन मुले असतील तर एका फोनवर भागत नव्हते. ज्यांच्यापाशी पैसे नव्हते त्यांनी हप्त्यावर फोन घेतले. शिक्षणासाठीच घेतले. एका पालकांनी मला आपले पासबुक दाखवले. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात होता. एका महिन्यात खात्यात थोडी रक्कम कमी पडली, तर बँकेचा वेगळा दंड आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा. फोन घेताना त्यांना सांगितले गेले होते, 'शून्य टक्के व्याज'.

पालकहो, ह्या शून्याविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. ते व्याज कुठेतरी असतेच. कधी 'प्रोसेसिंग फी' म्हणून, कधी रोख घेणाऱ्याला मिळणारी आणि हप्तेवाल्याला न मिळणारी सूट म्हणून. समजा, १२,००० चा फोन बारा हप्त्यांत हजार-हजार रुपयांनी मिळतो, पण रोखीने तोच ११,००० ला मिळतो आणि हप्त्यासाठी वर ३०० रुपये फी आहे. मग तुम्ही १,३०० रुपये व्याजच दिलेत, त्याला नाव काहीही द्या. आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना अशा सर्व किरकोळ कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, हे लिहिलेले असते. तो कागद तुमच्या हक्काचा आहे. मागून घ्या, आणि वाचून घ्या. इंग्रजी अडले तर शाळेत घेऊन या. माझे दार उघडे आहे.

आता शाळेच्या दाराशी आलेल्या गोष्टीकडे वळते. काही महिन्यांपूर्वी एका कंपनीचे प्रतिनिधी आपल्या शाळेत आले होते. त्यांचा प्रस्ताव असा: आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला टॅब 'मोफत'. त्यावर अभ्यासाचे ॲप. पालकांनी भरायचे महिन्याला फक्त ७९९ रुपये, ३६ महिने. प्रस्तावाची पुस्तिका सुंदर होती, आणि 'मोफत' हा शब्द पहिल्या पानावर लाल रंगात होता.

मी ती पुस्तिका नववीच्या वर्गाला दिली. त्यांनीच बेरीज केली. ७९९ गुणिले ३६ म्हणजे २८,७६४ रुपये. तशाच टॅबची बाजारातली किंमत मुले जेल रोडवर जाऊन विचारून आली: साडेअकरा हजार. म्हणजे ॲपचे पडले १७,२६४ रुपये, महिन्याला सुमारे ४८० रुपये. शेवटच्या पानावर आणखी दोन अटी होत्या. टॅबवर त्या कंपनीच्या ॲपशिवाय दुसरे काही घालता येणार नाही. आणि विद्यार्थ्याने मधेच शाळा सोडली तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे एकरकमी भरावे लागतील. कागदावरचे कुलूप आणि यंत्रातले कुलूप, दोन्ही हजर! लोडिंग रिक्षावाल्यांचा तो मुलगा म्हणाला, "मॅडम, हा तर तोच अमेरिकावाला फोन आहे."

विश्वस्त मंडळाच्या सदस्यांना मी विनम्रपणे काही गोष्टी सांगू इच्छिते. आपली पटसंख्या कमी होते आहे, हे मला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. आसपासच्या इंग्रजी शाळांत टॅब आहेत आणि प्रवेशाच्या वेळी पालक त्याविषयी विचारतात, हेही खरे. टॅब नाकारला तर काही पालक आपल्याला मागासलेले म्हणतील, ही आपल्यातल्या काही सदस्यांची भीती अनाठायी नाही. पण ७९९ रुपये ही रक्कम आपल्या शाळेच्या महिन्याच्या शुल्कापेक्षा जास्त आहे. गेल्या वर्षी चार मुलांनी वर्षाच्या मध्येच शाळा सोडली, कारण वडिलांना पीथमपूर किंवा देवासच्या कारखान्यात काम लागले. अशा घराच्या मागे आपण वीस-पंचवीस हजारांचे देणे लावून द्यायचे का? आणि पालक सही करतील ती त्या कंपनीवरच्या विश्वासाने नव्हे, तर आपल्या शाळेच्या नावावरच्या विश्वासाने. ते नाव पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहे. त्याचा भाव पुस्तिकेत कुठे लिहिलेला नव्हता.

माझी सूचना अशी आहे. शाळेने दहा टॅब रोखीने, बिनकराराने विकत घ्यावेत. सुमारे एक लाख पंधरा हजार रुपये लागतील. माजी विद्यार्थ्यांना आवाहन केले तर ही रक्कम जमणे अवघड नाही. टॅब वाचनालयात राहतील, पुस्तकासारखेच नोंद करून तासाभरासाठी मिळतील. अभ्यासाची पुष्कळ सामग्री सरकारी शैक्षणिक संकेतस्थळांवर विनामूल्य आहे, तीच त्यावर वापरावी. प्रत्येकाच्या हातात एक टॅब येणार नाही, हे खरे. पण कोणाच्या डोक्यावर देणेही येणार नाही. अंतिम निर्णय अर्थातच मंडळाचा आहे. तो घेण्यापूर्वी नववीच्या मुलांनी केलेला हिशेब एकदा पाहावा, एवढी प्रार्थना आहे. त्या वहीवर मी लाल शाईने एकही दुरुस्ती केलेली नाही, तशी गरजच पडली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी पाच प्रश्न लिहून देते. घरात फोन, टीव्ही, स्कूटर, काहीही हप्त्याने येणार असेल तेव्हा आई-बाबांजवळ बसून हे विचारा.

पहिला, शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती रुपये जाणार?
दुसरा, हीच वस्तू आज रोखीने घेतली तर कितीला?
तिसरा, मधेच थांबावे लागले तर काय भरावे लागेल?
चौथा, पैसे पूर्ण फिटल्यावर वस्तू खरोखर आपली होते का, की कुलूप तसेच राहते?
आणि पाचवा, एखादा हप्ता चुकला तर दंड किती, आणि तो कोण कोण घेणार?

ह्यातल्या एकाही प्रश्नाला गुणाकार-बेरजेपलीकडचे गणित लागत नाही. ह्या सत्रापासून नववीच्या गणितात महिन्यातून एक तास आपण ह्यासाठी ठेवला आहे. मुलांनी घरची विजेची, फोनची, हप्त्याची कागदपत्रे आणायची, नावे झाकून, आणि वर्गात ती वाचायची. पालकांनी कागद द्यायला संकोच करू नये. कोणाचे देणे किती, हे आम्हाला जाणून घ्यायचे नाही. कागद कसा वाचावा, एवढेच शिकवायचे आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा नव्या फोनच्या अफवा येतील, आणि त्या ऐकायला मलाही आवडेल. फक्त कोणी मला किंमत सांगायला आला, तर मी त्याला विचारणार आहे: "कितीला, ते कळले. कितीला पडतो, ते सांग."

सर्वांना नव्या सत्राच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

आपली,
प्राचार्या